खाडीकाठच्या मुक्कामाची गाडी

कोकणात भरतीचा एक जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरती पूर्ण होण्याची वेळ हाती येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, भरतीही रोज तेवढीच उशिरा येते आणि ते सगळं गणित पाऊणकीच्या एका ओळीत मावतं! आकाशातली एवढी मोठी हालचाल बोटांवर मोजता यावी, याचं मला अजून नवल वाटतं.

आता तीन म्हणजे दुपारचे तीन आणि पहाटेचेही. खाडीत गरी टाकणाऱ्याला पाण्याची ओढ बदलण्याची वेळ गाठायची असते. जिताडा, तांबोशी ही मंडळी त्याच सुमाराला खाडीच्या तोंडाशी भक्ष्यावर येतात. पुण्याहून रात्री घाट उतरून पहाटे तिथे पोचायचं आणि डोळ्यांत झोप घेऊन निसरड्या खडकांवर उभं राहायचं, हे धोक्याचं आहे. म्हणून आदल्या संध्याकाळी पोचून तिथेच आडवं होता येईल अशी गाडी हवी. आपल्याकडे सामान्य माणसाच्या खिशाला झेपेल अशी ती एकच जात आहे: जुनी मारुती ओम्नी, नाहीतर ईको.

या डब्याची रचना मुळात जपानमधल्या एका नियमातून आली. तिथे लहान वाहनांना करात आणि परवान्यात सवलत होती, पण मापं काटेकोर. १९७६च्या नियमानुसार लांबी ३.२ मीटर, रुंदी १.४ मीटर, त्यापुढे नाही. एवढ्यात माल कसा मावायचा? सुझुकीच्या ‘कॅरी’ गाडीत इंजिन पुढच्या सीटखाली गेलं आणि मागची सगळी लांबी मोकळी झाली. तीच मांडणी १९८४मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आपल्याकडे आली आणि पुढे ओम्नी झाली. ७९६ सीसीचं इंजिन, रुंदी जेमतेम १.४१ मीटर. २०१९मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ईको २०१०ची. तिचंही इंजिन सीटखालीच, पण लांबी ओम्नीपेक्षा सुमारे ३० सेंटिमीटर जास्त. झोपणाऱ्या माणसाला हे ३० सेंटिमीटर फार मोलाचे आहेत.

जुनी गाडी बघायला गेलं की बहुतेक जण इंजिनाचा आवाज ऐकतात. ऐकावाच, पण या गाड्यांचं इंजिन गावोगावचा मेकॅनिक खोलून बांधतो आणि सुटे भागही मिळतात. खरी परीक्षा पत्र्याची आहे. कोकणात, मुंबईत वाढलेल्या गाडीचा शत्रू पाऊस नाही, मीठ आहे. खारं पाणी वाळलं की मीठ उरतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की आपोआप विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि त्याला ३३ टक्के आर्द्रताही पुरते. म्हणजे थेंबभर पाऊस नसताना, भर मे महिन्यात, गाडीच्या पोटाखालचा पत्रा ओलाच राहतो. त्या खारट ओलाव्यातून सूक्ष्म वीज वाहते आणि लोखंड जागोजागी झिजत जातं. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली फुगे येतात. फुगा दिसला की आतला पत्रा गेलेला आहे असंच धरा.

तेव्हा गाडीभोवती फिरू नका, खाली आडवे व्हा. सरकत्या दाराचा खालचा रूळ बोटाने चाचपा. वाळू आणि पाणी तिथेच साचतं. आतलं मॅट पूर्ण उचलायला लावा. चाकांच्या कमानींजवळ आणि दाराच्या उंबऱ्यावर कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक फिरवा. जिथे भोक बुजवून पुट्टी भरली आहे तिथे ते निसटतं, कारण चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. वरून कितीही चकचकीत रंग मारला तरी चुंबक फसत नाही.

तळाला भोक असणं हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, त्यातून विषारी धूर आत येऊ शकतो. डिसेंबर २०२४मध्ये केरळमधल्या वडकरा इथे उभ्या कॅराव्हॅनमध्ये झोपलेले दोघे मृतावस्थेत सापडले. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला होता, असं तपासात निघालं. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट धरतो. झोपलेल्याला जाग येतच नाही. त्यामुळे उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, आत स्टोव्ह पेटवायचा नाही, हे दोन नियम कधीही मोडायचे नाहीत.

मग उकाड्याचं काय? घाट उतरून आल्यावर सीटखालचं इंजिन बराच वेळ तापलेलं राहतं, म्हणून पाय पुढे आणि डोकं मागच्या दाराकडे. दोन्ही बाजूंच्या काचा चार-चार बोटं उघड्या आणि त्यांवर मच्छरदाणीची जाळी. दोन माणसं रात्रभरात श्वास आणि घाम मिळून साधारण अर्धा लिटर पाणी हवेत सोडतात. काचा बंद ठेवल्या तर पहाटे ते काचांवरून ओघळतं, अंथरुणात मुरतं आणि राहिलेलं पत्र्याच्या सांध्यांत शिरून आतून गंज सुरू करतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण; किती वर्षं उरली ते आधी बघा. आरसीवर कर्जाचा बोजा नको. शाळेची किंवा भाड्याची गाडी असेल तर ती खासगी करून घेण्याचं काम व्यवहाराआधी विक्रेत्याकडूनच उरकून घ्या. सीएनजी असेल तर सिलिंडरची चाचणी तीन वर्षांच्या आत झालेली हवी. आणि आसनं कायमची काढून पलंग ठोकू नका. आरसीवरची आसनसंख्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. आसन दुमडून त्यावर बसणारी, दोन तुकड्यांत निघणारी प्लायची फळी पुरते. तिच्याखाली रॉडच्या नळ्या आणि गळांची पेटी राहते.

माझं मत विचाराल तर ओम्नीचा मोह आवरा आणि पाच आसनांची, घाटावर वापरलेली, शक्यतो पहिल्याच मालकाकडची ईको घ्या. रंग उडालेला चालेल, सीट फाटलेली चालेल. पैसे देण्याआधी फळीचं माप घेऊन आत दहा मिनिटं खरोखर झोपून बघा. पाय पुरत नसतील, तर दुसरी गाडी बघा.