दुकानाचा गल्ला आणि कंपनीचा हिशेब

एखादी मोठी कंपनी तेल शुद्ध करते, दूरध्वनीची सेवा पुरवते आणि किराणा-कापडाची दुकानेही चालवते. वर्षअखेर तिचा एकत्रित नफा छापून येतो. पण दुकाने स्वतः कमावतात, की तेलाच्या कमाईवर पोसली जातात, हे भागधारकास त्यावरून कसे कळावे? निवृत्तीची पुंजी समभागांत घालणाऱ्या सामान्य माणसाचे हित या प्रश्नात गुंतलेले आहे. म्हणून हा विषय केवळ हिशेबनिसांचा आहे, असे आम्ही मानीत नाही.

आपल्याकडे मोठ्या कंपन्यांना २०१६ पासून टप्प्याटप्प्याने नवी भारतीय लेखा-मानके लागू झाली. त्यांतील १०८ क्रमांकाचे मानक विभागवार हिशेबाचे आहे. त्याचे सूत्र असे की, कंपनीचे सर्वोच्च चालक ज्या विभागणीने धंद्याकडे पाहतात, तीच भागधारकांपुढे ठेवावी. उत्पन्न, नफातोटा वा मालमत्ता यांपैकी एका कसोटीवर जरी विभाग १० टक्क्यांपर्यंत पोचला, तरी तो स्वतंत्र दाखवावा लागतो. रिलायन्स इंडस्ट्रीजच्या हिशेबात किरकोळ विक्री अशीच वेगळी मांडलेली दिसते.

मात्र विभागाचा नफा मोजण्याचे माप चालकांचेच असते. म्हणून विभागांची बेरीज कंपनीच्या एकूण नफ्याशी जुळवून दाखवण्याचे बंधन आहे. त्या जुळवणीत 'विभागांत न वाटलेला खर्च' अशी एक ओळ आढळते. मुख्य कचेरीचा खर्च पुष्कळदा तेथे जातो. ती ओळ फुगली, की विभाग आहे त्याहून सुदृढ दिसू लागतो.

आता विक्रीची वाढ पाहू. समजा, दहा दुकानांची विक्री १०० कोटी होती. पुढील वर्षी तीन दुकाने वाढली आणि विक्री १२० कोटी झाली. वाढ २० टक्के! पण नव्या तिघांनीच २५ कोटी विकले असतील, तर जुन्यांची विक्री ९५ कोटींवर घसरली आहे. याकरिता जुन्या दुकानांची वाढ निराळी सांगतात. डी-मार्टची दुकाने चालवणारी ॲव्हेन्यू सुपरमार्ट्स ही कंपनी निदान २४ महिने चाललेली दुकाने धरून हा आकडा देते. त्याच्या जोडीला दर चौरस फुटामागील विक्रीही पाहावी.

सर्वांत फसवे माप म्हणजे व्याज, कर व घसारा वजा करण्यापूर्वीचा नफा. १०० रुपयांच्या विक्रीत मालाचे ८५, पगार-विजेचे ६ आणि भाड्याचे ४ गेले, तर उरतात ५. पण १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या ११६ क्रमांकाच्या मानकाने दीर्घ मुदतीच्या करारातील ठरीव भाडे घसारा आणि व्याज या रूपांत नोंदले जाते. त्यामुळे तोच नफा ९ दिसतो! गल्ल्यात मात्र एक पैसाही वाढलेला नसतो. शिवाय स्वतःच्या जागेत दुकान मांडणाऱ्याची भाडेकऱ्याशी तुलना या मापाने करणे हे अन्यायाचे होय. घसारा व व्याज वजा केल्यावर काय उरले आणि त्यासाठी किती भांडवल गुंतले, हे विचारले पाहिजे.

वार्षिक सभेत भागधारकाला प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. लाभांशाबरोबरच या चार ओळींविषयी विचारणारे दहा जण जरी सभेत उभे राहिले, तरी अहवाल लिहिणाऱ्यांची लेखणी अधिक जपून चालेल, अशी आमची खात्री आहे.