रात्री दोनला सीनियरला उठवायचं का? नव्या डॉक्टरची खरी परीक्षा इथे होते

रात्रीचे दोन वाजलेत. वॉर्डातल्या एका पेशंटचा बीपी घसरतोय. ड्युटीवर पहिल्या वर्षाची रेसिडेंट डॉक्टर एकटी आहे. सीनियरला फोन केला तर 'एवढंही जमत नाही?' हे ऐकावं लागेल. नाही केला, तर पेशंटच्या जिवावर बेतेल.

भीती कसली असते?

साडेचार वर्षं एमबीबीएस आणि एक वर्ष इंटर्नशिप केली की लोक 'डॉक्टर' म्हणायला लागतात. पण आपण खरंच डॉक्टर झालोय, हे स्वतःला पटायला वेळ लागतो. मदत मागितली तर आपलं कच्चेपण उघडं पडेल, असं वाटतं. त्यात वॉर्डात लीडर म्हणजे राउंडला सगळ्यांत पुढे चालणारा, असंच त्यांनी पाहिलेलं असतं. मग कुणी गप्प बसतं, तर कुणी सिस्टरवर आवाज चढवतं.

मग लीडरशिप म्हणजे काय?

योग्य माणसाला, योग्य वेळी, स्पष्ट सांगणं. आणि हे शिकता येतं. त्यासाठी 'एसबीएआर' नावाची पद्धत आहे. ती अमेरिकन नौदलातून हॉस्पिटलमध्ये आली. तिच्यात चार गोष्टी क्रमाने सांगायच्या: आत्ता काय झालंय, आधी काय झालं होतं, मला काय वाटतं आणि काय करायला हवं.

म्हणजे फोन असा होतो: "सर, बेड १२ च्या पेशंटचा बीपी ८० वर आलाय. काल पोटाचं ऑपरेशन झालंय. आत रक्तस्राव होत असावा. तुम्ही लगेच या, तोवर मी सलाइन लावून रक्त मागवते."

यात मदत मागितली आहे आणि जबाबदारीही घेतली आहे.

बोलण्याने फरक पडतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी चेकलिस्ट आणली. तिच्यात चिरा देण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं असतं. दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलमध्ये ही चेकलिस्ट वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यावर आल्याचं २००९ च्या अभ्यासात दिसलं.

भारतातही २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नैतिकता आणि संवाद हे 'एटकॉम' नावाने शिकवलं जातं. पण वर्गात शिकलेलं वॉर्डात टिकायचं, तर फोनवर "बरं झालं उठवलंस" म्हणणारा सीनियरही लागतो.

आणि आपण? तरुण डॉक्टर "सीनियरना विचारून सांगते" म्हणाली, तर 'हिला काही येत नाही' असं लगेच ठरवू नका. ती आपलं काम नीट करतेय.