तिसऱ्या पावलाची जागा

आज कार्तिक शुद्ध प्रतिपदा. दीपावलीचा पाडवा. पेढीवरचा व्यापारी आज नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री लिहितो, कुंकू वाहतो आणि जमाखर्चास आरंभ करतो. सामान्य गृहस्थाच्या घरी मात्र एक वही अशी असते की जी लिहिलीच जात नाही. ती म्हणजे देण्यांची वही. वाण्याचे इतके, पतसंस्थेचे तितके, आप्तांकडून हातउसने घेतलेले आणखी काही. हे आकडे मनाच्या कोपऱ्यात पडून असतात, रात्री जागे करतात, परंतु कागदावर उतरत नाहीत. आज आपण ज्या बळीराजाचे पूजन करतो, त्याची कथा या न लिहिलेल्या वहीविषयी फार मोलाचे सांगते, असे आम्हांस वाटते. तेच आज वाचकांच्या सेवेस सादर करीत आहोत.

झारीतील शुक्राचार्यांचा सल्ला

श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात ही कथा सविस्तर आली आहे. नर्मदेच्या उत्तर तीरावर, भृगुकच्छ क्षेत्री, बळीचा अश्वमेध चालू असताना बटू वामन येतो आणि तीन पावले भूमी मागतो. बळी होकार देतो. त्या क्षणी कुलगुरू शुक्राचार्य त्यास थांबवू पाहतात. झारीच्या तोटीत शिरून दानाचे उदक अडविणारे आणि दर्भाच्या टोकाने एक डोळा गमावणारे शुक्राचार्य लोककथेने अजरामर केले, आणि कोणत्याही सत्कार्यात आडवा येणारा मनुष्य मराठीत झारीतला शुक्राचार्य ठरला. आम्हीही अनेक वर्षे कीर्तनात या प्रसंगावर श्रोत्यांस हसविले.

परंतु एकोणिसावा अध्याय शांतपणे वाचावा. शुक्राचार्य तेथे जे बोलतात, ते कोणत्याही संसारी माणसाने देवघरात लिहून ठेवावे असे आहे. ज्या दानाने स्वतःची उपजीविकाच धोक्यात येते, त्या दानाची थोर लोक प्रशंसा करीत नाहीत, असे ते म्हणतात. मिळकतीचे पाच वाटे करावेत, असे ते सांगतात. एक धर्मासाठी, एक यशासाठी, एक पुन्हा अर्थार्जनासाठी, एक स्वतःच्या सुखोपभोगासाठी आणि एक स्वजनांसाठी. वचन देण्यापूर्वी आपल्या पदरी काय आहे ते मोजावे, हा त्यांच्या उपदेशाचा पूर्वार्ध होय. दिलेले वचन मोडावे, हा उत्तरार्ध. बळीने तो उत्तरार्ध नाकारला. गुरूचा शाप पत्करला, पण शब्द फिरविला नाही.

कर्ज म्हणजे तरी काय? पुढे फेडीन, असे दिलेले वचनच. म्हणून ऋण काढण्यापूर्वी शुक्राचार्यांचे ऐकावे आणि ऋण काढल्यानंतर बळीसारखे वागावे. आपण बहुतेक जण नेमके उलट करतो. घेताना बळीसारखे उदार होतो आणि फेडण्याची वेळ आली की शुक्राचार्यांची युक्ती शोधतो.

शास्त्रकारांनी हा विषय कधीच हलका मानला नाही. मनुस्मृतीत विवादांची अठरा पदे सांगितली आहेत, त्यांत पहिले स्थान ऋणादानास आहे. वनपर्वातील यक्षाने सुखी कोण असे विचारले, तेव्हा धर्मराजाने राजवाड्याचे वर्णन केले नाही. दिवसाच्या उशिराच्या प्रहरी का होईना, आपल्या घरी भाजीपाला शिजवून खाणारा, ज्यास कोणाचे देणे नाही आणि ज्यास परदेशी राहावे लागत नाही, तो सुखी, असे उत्तर त्याने दिले. कौटिल्याने शंभर पणांस दरमहा सव्वा पण हे व्याज धर्म्य म्हटले. व्यापारी व्यवहारात पाच पणांपर्यंत आणि समुद्रावर जाणाऱ्यांस वीस पणांपर्यंत दर त्याने सांगितला आहे, कारण तेथे जोखीम मोठी आणि नफाही मोठा. आज क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर शेकडा दरमहा साडेतीन रुपयांच्या आसपास व्याज अनेक ठिकाणी लागते. म्हणजे घरात बसून घेतलेल्या वस्तूस धर्म्य दराच्या जवळजवळ तिप्पट मोल! पन्नास हजारांची बाकी असेल तर महिन्याचे व्याजच १,७५० रुपये होते. किमान भरणा म्हणून शेकडा पाच, म्हणजे २,५०० रुपये भरले, तर मुद्दलातून केवळ ७५० रुपये उतरतात, आणि व्याजावरील कर वेगळाच. किमान रक्कम भरून निश्चिंत राहणाऱ्याने हा हिशेब एकदा तरी कागदावर मांडावा.

ओवाळणीच्या तबकात कागद

हे सर्व आम्हांस पाठ होते. तरीही आम्ही स्वतः ऋणात बुडालो होतो, आणि ते सांगितल्याविना पुढे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे देवालयांची दारे बंद झाली. उत्सव थांबले, चातुर्मासातील कीर्तने थांबली, बिदागी थांबली. संस्कृतच्या शिकवण्यांचे थोडे पैसे येत, त्यांत घर चालेना. आम्ही पतसंस्थेतून कर्ज काढले, किराणा उधारीवर आणू लागलो, औषधेही तशीच. १६ नोव्हेंबर २०२० रोजी, पाडव्याच्याच दिवशी, महाराष्ट्रातील देवालये पुन्हा उघडली. आठ महिन्यांनी आम्ही पहाटे दर्शनास गेलो. डोळे भरून आले. परंतु परतताना आमचे पाय नेहमीच्या गल्लीत वळले नाहीत. तेथे किराणा दुकान होते. आम्ही लांबच्या वाटेने घरी आलो. भगवंताला तोंड दाखविता आले, दुकानदाराला मात्र दाखविता येईना!

सायंकाळी सौ.ने औक्षण केले. ओवाळणी टाकण्यास आम्ही हात पुढे केला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, यंदा पैसे नकोत. आपण कोणाचे किती देणे लागतो, तेवढे एका कागदावर लिहून तबकात ठेवा."

आम्ही तिला चाळीस हजारांच्या आसपास, असे मोघम सांगत आलो होतो. लिहावयास बसलो तेव्हा हात थरथरत होता. पतसंस्था ६०,०००. किराणा ११,४००. औषधांचे दुकान ३,२५०. आणि २५,००० तिच्याच धाकट्या भावाकडून, तिला न सांगता घेतलेले. एकूण ९९,६५०. लाखाला साडेतीनशे कमी.

तिने कागद दोनदा वाचला. "माझ्या भावाकडूनसुद्धा?" एवढेच म्हणाली. बराच वेळ दोघेही बोललो नाही. मग ती म्हणाली, "रकमेची भीती नाही वाटत मला. तुम्ही वाट बदलून का येता ते कळत नव्हतं, त्याची वाटत होती."

भागवतात विंध्यावली सुवर्णकलशातून पाय धुण्याचे उदक आणते आणि बळी पाशबद्ध झाल्यावरही तेथेच उभी राहून प्रभूंशी बोलते. कीर्तनात आम्ही तिच्यासाठी दोन वाक्ये खर्च करीत असू. त्या सायंकाळी तिचे महत्त्व कळले. ऋण घरापासून लपविले की ते दुप्पट जड होते. कारण मग ते एकट्याने वाहावे लागते आणि घरातील माणसे अजाणतेपणी खर्च करीत राहतात.

यशाचा वाटा

दुसऱ्या दिवशी आम्ही शुक्राचार्यांचे पाच वाटे समोर ठेवून वर्षभराचा खर्च आठवू लागलो. धर्माचा वाटा अल्प. अर्थाचा, म्हणजे पोथ्या, प्रवास, हार्मोनियमची दुरुस्ती, आवश्यकच. स्वजनांचा टाळता न येणारा. सुखाचा, खरे सांगतो, फारसा नव्हताच. मग गळती कोठे होती? ती यशाच्या वाट्यात सापडली. एका उत्सवाच्या अन्नदानास आम्ही ५,००१ रुपये दिले होते. फलकावर नाव लागले होते. किराणा उधार आणि देणगी रोख! नात्यातील लग्नांत बुवांना शोभेल असा आहेर, मोठ्या क्षेत्री जाताना नवा शेला, हे सारे त्याच वाट्यातले.

वामनाने दोन पावलांत पृथ्वी आणि स्वर्ग व्यापला. वचन अपुरे राहिले म्हणून बळी वरुणपाशांनी बांधला गेला. तेव्हा तो म्हणतो की नरकाचे, बंधनाचे किंवा दारिद्र्याचे मला तितके भय नाही, जितके खोटा ठरण्याचे आहे. तिसरे पाऊल माझ्या मस्तकावर ठेवा. या प्रसंगाचा अर्थ आम्ही आता असा घेतो. पहिली दोन पावले पैशांची असतात. ती अपुरी पडतातच. तिसऱ्याला जागा मस्तकावर, म्हणजे मानावर. ऋण फेडण्यास पैसा कमी पडतो हे खरे. पण त्याआधी मस्तक वाकविणे कमी पडते.

आम्ही किराणा दुकानात गेलो. दरमहा पाचशे देऊ शकतो, असे सांगितले. दुकानदार वयाने आमच्या मुलाएवढा. तो म्हणाला, "बुवा, पैशाचं राहू द्या. तुम्ही गल्ली बदललीत ना, त्याचं वाईट वाटलं होतं." त्या दिवशी आम्ही त्याच्या ओट्यावर चहा घेतला.

व्रत आणि उद्यापन

ऋण फेडण्याचा उत्साह टिकत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. आमचे म्हणणे असे की उत्साहावर विसंबूच नये. आपल्या धर्माने व्रत नावाची जी सोय करून ठेवली आहे, तिच्यावर विसंबावे. व्रताला संकल्प असतो, आणि संकल्पात देश, काल व कर्म यांचा स्पष्ट उच्चार असतो. पुढे कधीतरी फेडीन, हा संकल्प नव्हे. इतके देणे, दरमहा या तिथीस, इतकी रक्कम, हा संकल्प.

आमचे नियम तीनच होते. नवी उधारी करावयाची नाही. बिदागी हाती आली की खर्चापूर्वी चौथा हिस्सा देवघरातील डब्यात टाकावयाचा. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस स्वतः जाऊन पैसे द्यावयाचे. शक्य असल्यास सर्वांत महाग व्याजाचे कर्ज आधी फेडावे, हे गणित निर्विवाद आहे, आणि कार्डाची बाकी असणाऱ्याने तेच करावे. आम्ही मात्र औषधांच्या ३,२५० रुपयांपासून आरंभ केला. पतसंस्थेचा हप्ता चालू ठेवून हे लहान देणे २०२१ च्या संक्रांतीपर्यंत संपविले. त्या ओळीवर सौ.ने कुंकवाचे बोट उठविले. एक ओळ पुसली गेली, तशी दुसरीही पुसता येईल, हा विश्वास त्या बोटाने दिला.

एप्रिल २०२१ मध्ये देवालये पुन्हा बंद झाली. बिदागी पुन्हा शून्यावर आली. तेव्हा सारे सोडून द्यावे असे वाटले. परंतु व्रतात खंड पडला तर शास्त्र व्रत टाकावयास सांगत नाही, प्रायश्चित्त करून पुढे चालू ठेवावयास सांगते. पतसंस्थेत जाऊन अडचण लेखी दिली, हप्त्यास मुदत मागून घेतली. दुकानात मात्र महिन्याला शंभर रुपये दिले, पण पहिल्या तारखेस गेलोच. ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेस, देवालये उघडली आणि डबा पुन्हा वाजू लागला. किराणा २०२२ च्या गुढीपाडव्यास फिटला. मेहुणे पैसे घेईनात. सौ.नेच ते त्यांच्या हाती ठेवले. पतसंस्थेचे शेवटचे हप्ते उरले होते, ते २०२३ च्या दिवाळीपूर्वी भरले. १४ नोव्हेंबर २०२३ च्या पाडव्यास आम्ही ओवाळणीच्या तबकात पतसंस्थेचा बेबाकी दाखला ठेवला. तेच उद्यापन.

आमचे देणे मोठे नव्हते, हे आम्ही जाणतो. ज्यांचे ओझे याहून पुष्कळ मोठे आहे, त्यांस एवढेच सांगावेसे वाटते की बळी पाशात बांधला गेला तेव्हा एकटा नव्हता. पितामह प्रल्हाद धावून आले. आपल्या प्रल्हादाला हाक मारावी. बँकेकडे, पतसंस्थेकडे स्वतः जाऊन हप्त्याची फेररचना मागावी. परवान्याविना सावकारी करणारा कोणी छळत असेल, तर महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमनाचा कायदा आहे, आणि सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. कोणतेही ऋण प्राणाहून मोठे नाही. वचन पाळावयास वचन देणारा जिवंत हवा.

नरसी मेहतांची हुंडी देवाने वटविली, मग आमची का नाही, असे कीर्तनानंतर कोणी ना कोणी विचारतोच. पूर्वी आम्ही हसून वेळ मारून नेत असू. आता सांगतो की बळीची कथा पुढेही ऐका. सर्वस्व गेल्यावर त्यास सुतल मिळाले आणि साक्षात भगवान गदा घेऊन त्याच्या दारी रक्षक म्हणून उभे राहिले. देव हप्ता भरावयास आला नाही. शब्द पाळणाऱ्याच्या दारात तो उभा राहिला.

आज औक्षणास बसाल तेव्हा तबकात एक कागद ठेवावा. आकडा खरा लिहावा, आणि शेजारी या महिन्यात देता येईल तेवढी रक्कम, मग ती पन्नास रुपये का असेना. वाचकांच्या घरी पुढल्या पाडव्यास त्या कागदावर कुंकवाची बोटे उठलेली असोत, हीच बळीराजाच्या चरणी प्रार्थना.

आज पहाटे दर्शन घेऊन आम्ही सरळ वाटेने घरी आलो.