एकवीसच्या टेबलावरची बोली

लेखमाला : पैशाच्या खेळांची भाषा – भाग ७

ब्लॅकजॅकच्या टेबलावर नुसते तोंडाने सांगितलेले चालत नाही. आणखी एक पान हवे असेल तर खेळाडू टेबलाच्या कापडावर बोटाने टकटक करतो. त्याला ‘हिट’ म्हणतात. पान नको असेल तर तळहात पालथा करून आडवा फिरवतो, तो ‘स्टँड’. डीलरला शब्द ऐकू आला तरी तो खुणेसाठी थांबतो, कारण छतात कॅमेरे असतात आणि पुढे वाद झालाच तर चित्रणात हात दिसतो. या कॅमेऱ्यांचे कॅसिनोतले नाव ‘आय इन द स्काय’. कॅमेरे नव्हते तेव्हा लास व्हेगासच्या कॅसिनोंत छताच्या वर अरुंद मार्गिका असत. तिथून माणसे एकतर्फी काचेतून खालच्या टेबलांवर नजर ठेवत.

मागील भागात रेसकोर्सवरच्या बुकींची बोली पाहिली. ब्लॅकजॅकची बोली तीन गटांची आहे : खेळणाऱ्यांची, पाने मोजणाऱ्यांची आणि कॅसिनोची, म्हणजे ‘हाउस’ची. यातल्या जवळजवळ प्रत्येक शब्दाच्या पोटात पैसा कुठून कुठे जातो याचा हिशेब आहे. गोव्याला जाणाऱ्या कितीतरी मराठी पर्यटकांच्या कानावर हे शब्द पडतात, हिशेब मात्र कुणी सांगत नाही.

आधी कोण बुडतो?

नियम थोडे आहेत. एक्का १ किंवा ११ धरायचा, चित्राची पाने १०, बाकीची आपापल्या अंकाची. दोन पाने खेळाडूला, दोन डीलरला. डीलरचे एक पान उघडे, ते ‘अपकार्ड’; दुसरे पालथे, ते ‘होल कार्ड’. बेरीज २१ च्या पुढे गेली की ‘बस्ट’. पहिल्याच दोन पानांत एक्का आणि दहाचे पान आले की ‘ब्लॅकजॅक’ किंवा ‘नॅचरल’. एका कॅटमधून पाने वाटली तर साधारण एकवीस डावांत एकदा असे होते. दोघांची बेरीज सारखी आली तर ‘पुश’. पैसे जिथल्या तिथे राहतात. खेळ मूळचा युरोपातला. सर्व्हांतेसच्या १६१३ साली छापलेल्या कथासंग्रहातली दोन भामटी पोरे एकवीसच्या खेळात तरबेज आहेत.

ज्या हातातला एक्का ११ धरूनही बेरीज २१ ओलांडत नाही तो हात ‘सॉफ्ट’. एक्का-सहा हा सॉफ्ट १७, तर दहा-सात हा हार्ड १७. सॉफ्ट हातावर आणखी एक पान घेतले तरी बुडण्याची भीती नाही, कारण एक्का लगेच १ होतो. हार्ड १२ ते १६ या बेरजांना ‘स्टिफ’ म्हणतात, आणि खेळाडूला सर्वांत जास्त छळतात त्या याच. १६ वर पान मागितले तर तेरा प्रकारच्या पानांपैकी सहापासून राजापर्यंतची आठ पाने बुडवतात. न मागावे तर डीलर बस्ट होईल या आशेवर बसावे लागते.

‘हाउस एज’, म्हणजे कॅसिनोचा कायमचा वरचष्मा, इथेच जन्मतो. खेळाडू आधी खेळतो. तो बस्ट झाला की त्याचे पैसे तत्क्षणी उचलले जातात. त्यानंतर डीलरही बस्ट झाला तरी ते परत येत नाहीत. दोघेही बुडाले की कॅसिनो जिंकतो.

याची थोडी भरपाई नियमांत आहे. ब्लॅकजॅक लागला तर दीडपट पैसे मिळतात. ‘डबल डाउन’ म्हणजे पैज दुप्पट करून एकच पान घेणे. ‘स्प्लिट’ म्हणजे सारखी दोन पाने आल्यास ती वेगळी करून दोन हात खेळणे. ‘सरेंडर’ म्हणजे अर्धी पैज सोडून डावातून बाहेर पडणे. हे सारे नेमके कधी करावे, याचा पाया १९५६ साली चार तरुणांनी घातला. रॉजर बाल्डविन, विल्बर्ट कँटी, हर्बर्ट मेझल आणि जेम्स मॅकडरमट हे मेरिलँडमधल्या ॲबर्डीन येथील अमेरिकी लष्करी तळावर नोकरीला होते. टेबलावरच्या साध्या गणनयंत्रांवर आकडेमोड करून त्यांनी आपला निष्कर्ष अमेरिकेतल्या संख्याशास्त्रीय संघटनेच्या नियतकालिकात छापला. त्यालाच पुढे ‘बेसिक स्ट्रॅटेजी’ म्हणू लागले. चांगले नियम असलेल्या टेबलावर ती तंतोतंत पाळली तर हाउस एज अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. मनाला येईल तसे खेळणाऱ्याला तो याच्या कितीतरी पट पडतो.

‘इन्शुरन्स’ कशाचा?

डीलरचे उघडे पान एक्का निघाले की तो विचारतो : ‘इन्शुरन्स?’ मूळ पैजेच्या निम्मी रक्कम वेगळी ठेवायची. डीलरचे पालथे पान दहाचे निघाले तर त्या रकमेवर दुप्पट मिळतात. विमा म्हटले की माणसाला जबाबदारीने वागल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ही एक नवी, स्वतंत्र पैज आहे आणि तिचा भाव कमी लावलेला आहे. एका कॅटमध्ये डीलरचा एक्का सोडून ५१ पाने उरतात, त्यांत दहाची १६. म्हणजे ही पैज लागण्याची शक्यता सुमारे ३१ टक्के. पैसे मात्र ३३ टक्के शक्यता असती तरच फिटतील अशा दराने मिळतात. सहा कॅट मिसळलेल्या टेबलावर या पैजेत शंभर रुपयांमागे सरासरी सात रुपयांहून थोडे अधिक जातात. मुख्य खेळात अर्धा टक्का राखण्याची धडपड करणारा माणूस इथे सात टक्के सोडून देतो.

‘इव्हन मनी’ हा याचाच भाऊ. खेळाडूला ब्लॅकजॅक लागलेला आहे, डीलरकडे एक्का आहे. तेव्हा डीलर म्हणतो, पालथे पान पाहण्याआधीच बरोबरीचे पैसे घेऊन टाका. शंभराच्या पैजेवर हमखास शंभर मिळतात म्हणून बहुतेक जण घेतात. न घेता थांबले तर कधी पुश होऊन काहीच मिळत नाही, एरवी दीडशे मिळतात. सरासरी सुमारे १०४ रुपये पडते. हातात आलेल्या सर्वांत चांगल्या डावाचे चार रुपये खेळाडू स्वतःहून परत करतो.

मात्र गेल्या काही दशकांतला सर्वांत महागडा बदल टेबलाच्या कापडावरच छापलेला असतो. ‘थ्री टू टू’ लिहिले असेल तर शंभराच्या पैजेवर ब्लॅकजॅकचे १५० मिळतात. ‘सिक्स टू फाइव्ह’ लिहिले असेल तर १२०. फरक तीस रुपयांचा दिसतो आणि तोही क्वचित येणाऱ्या डावावर, म्हणून नवख्याच्या लक्षात येत नाही. पण एवढ्याने हाउस एज सुमारे १.४ टक्क्यांनी वाढतो. चांगल्या टेबलावरचा अर्धा टक्का जवळपास चौपट होतो. लास व्हेगासमध्ये कमी पैजेच्या टेबलांवर आता हाच दर सर्रास दिसतो.

मोजणाऱ्यांचे शब्द

ॲबर्डीनच्या त्या लेखाने एडवर्ड थॉर्प या गणितज्ञाचे लक्ष वेधले. एमआयटीत असताना त्याने आयबीएम ७०४ संगणकावर वेगळा प्रश्न मांडला : कॅटमधून काही पाने निघून गेल्यावर उरलेल्या पानांत पारडे कोणाकडे झुकते? उत्तर असे निघाले की लहान पाने, विशेषतः पंजे, संपली की ते खेळाडूकडे झुकते. दहाची पाने आणि एक्के जास्त उरले तर ब्लॅकजॅक दोघांनाही सारखेच लागतात, पण दीडपट पैसे फक्त खेळाडूला मिळतात. शिवाय डीलरला स्टिफ हातावर पान घ्यावेच लागते, आणि दहाची पाने भरपूर असली की तो अधिक वेळा बुडतो. १९६१ साली हा शोधनिबंध अमेरिकी विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. तो तिथे पोचवला माहिती सिद्धांताचा जनक क्लॉड शॅननने. मग दोन श्रीमंत जुगाऱ्यांचे दहा हजार डॉलर घेऊन थॉर्प नेव्हाडात गेला आणि त्यांचे दुपटीहून अधिक करून परतला. १९६२ साली त्याचे ‘बीट द डीलर’ हे पुस्तक निघाले.

१९६४ साली लास व्हेगासच्या कॅसिनोंनी धास्तावून डबल आणि स्प्लिटचे नियम आवळले. गिऱ्हाईक टेबलांपासून दूर राहू लागले, तेव्हा थोड्याच अवधीत ते पुन्हा सैल करावे लागले.

मोजणीची सर्वांत रुळलेली पद्धत ‘हाय-लो’. दोन ते सहा दिसले की अधिक एक, सात-आठ-नऊ शून्य, दहाची पाने आणि एक्का उणे एक. ही चालती बेरीज म्हणजे ‘रनिंग काउंट’. तिला उरलेल्या कॅटच्या संख्येने भागले की ‘ट्रू काउंट’. पाने ज्या पेटीतून वाटतात ती ‘शू’. तिच्यात जिथे रंगीत ‘कट कार्ड’ खोचलेले असते, तिथे पोचल्यावर पाने पुन्हा पिसली जातात. त्याआधी किती पाने बाहेर येतात त्याला ‘पेनिट्रेशन’ म्हणतात. ते जितके कमी, तितकी मोजणी निरुपयोगी. उभ्याने पाहत राहायचे आणि काउंट वाढला की बसायचे, याला ‘वाँगिंग’ म्हणतात. स्टॅनफर्ड वाँग या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकावरून हे क्रियापद तयार झाले.

एकटा माणूस पैज अचानक वाढवतो तेव्हा ओळखला जातो. त्यावर १९७० च्या दशकात अल फ्रँचेस्कोने संघ उभा केला. त्यातले काही जण टेबलांवर किमान पैज लावत मोजत बसत. पारडे फिरले की त्यांच्या खुणेवरून ‘बिग प्लेयर’ येई आणि थेट मोठी पैज लावी. याच संघातल्या केन उस्टनने पुढे त्यावर पुस्तक लिहिले. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी हीच रीत पुढे नेली. त्यांच्यावरच्या बेन मेझरिकच्या पुस्तकात काउंट कळवण्याचे सांकेतिक शब्द आहेत : बोलण्यात मोटार आली तर ४, मांजर आले तर ९, अंडी आली तर १२. मोटारीला चाके चार, मांजराला जीव नऊ, अंडी डझनावारी. लक्षात राहायला सोपे आणि शेजारी बसलेल्याला संशय न येणारे.

हाउसची वही

टेबलांच्या समूहाला ‘पिट’ म्हणतात आणि त्यावर देखरेख करणाऱ्याला ‘पिट बॉस’. त्याची नजर एखाद्या मोजणाऱ्यावर खिळली की मोजणारे म्हणतात, ‘हीट’ आली. पुढची पायरी ‘बॅक ऑफ’ : नम्रपणे सांगितले जाते की इतर काहीही खेळा, ब्लॅकजॅक नको. डोक्यात मोजणे अमेरिकेत गुन्हा नाही. यंत्राची मदत घेणे मात्र नेव्हाडात १९८५ पासून गुन्हा आहे. कॅसिनोने आपल्यावर घातलेल्या बंदीविरुद्ध उस्टनने दावा लावला. १९८२ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की राज्याच्या नियामक आयोगाने तसा नियम केलेला नसताना कॅसिनोला मोजणाऱ्यांना परस्पर हाकलता येणार नाही. कॅसिनोंनी मग कॅट वाढवले आणि कट कार्ड अलीकडे आणले.

हाउस स्वतः मोजतो ते वेगळेच. पैजेची सरासरी, तासाला होणारे डाव, खेळलेले तास आणि हाउस एज यांचा गुणाकार म्हणजे ‘थिओ’, त्या गिऱ्हाइकाकडून अपेक्षित कमाई. हजार रुपयांची पैज, तासाला सत्तर डाव, चार तास : एकूण २ लाख ८० हजार टेबलावर फिरले. हाउस एज दोन टक्के धरला तर थिओ ५,६०० रुपये. फुकट जेवण, खोली, पेये यांना ‘कॉम्प’ म्हणतात, आणि ते या थिओचाच एक भाग परत देऊन ठरते. अफाट पैज लावणारा गिऱ्हाईक म्हणजे ‘व्हेल’. व्हेल आणण्यासाठी कॅसिनो नुकसानीवर सूटही देतात. २०११ साली अटलांटिक सिटीत डॉन जॉन्सन नावाच्या खेळाडूने वीस टक्के सूट आणि अनुकूल नियम आधी मागून घेतले, आणि ट्रॉपिकाना कॅसिनोतून एका रात्रीत सुमारे साठ लाख डॉलर नेले. त्याने पाने मोजली नाहीत. कराराची कलमे मोजली.

मांडवीच्या पात्रात

गोव्यात कॅसिनो बोटींवर का, याचे उत्तर कायद्यात आहे. १९७६ च्या सार्वजनिक जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशिनना परवानगी मिळाली, आणि १९९६ च्या दुरुस्तीने बोटींवरच्या टेबलांना. म्हणून डीलरच्या हातून पाने वाटली जाणारा ब्लॅकजॅक पणजीजवळ मांडवीत तरंगतो, तीन पत्ती आणि अंदर-बाहर यांच्या शेजारी. गोमंतकीयांना २०२० पासून तिथे खेळण्यास मनाई आहे. गिऱ्हाईक बाहेरचे, त्यात महाराष्ट्रातले पुष्कळ. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही १९७६ साली कॅसिनोंचा कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली रद्द झाला.

मांडवीवर ऐकू येणारा खास शब्द ‘ओटीपी’. त्याचा मोबाइलवरच्या आकड्यांशी संबंध नाही. ‘वन टाइम प्ले’ म्हणजे प्रवेशाच्या पॅकेजमध्ये मिळणारी, एकदाच खेळता येणारी रक्कम. ती रोखीत बदलून मिळत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२३ पासून चिप्स घेताना भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी आला आणि सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. अर्ध्या टक्क्याच्या हाउस एजची चर्चा या आकड्यापुढे ठेवून पाहावी.

आणखी एक शब्द सांगितल्याशिवाय हा भाग पुरा होत नाही : ‘चेसिंग’, गेलेले पैसे परत मिळवण्यासाठी पैज वाढवत खेळत राहणे. टेबलावर तो शब्द सहज उच्चारला जातो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत मात्र जुगाराच्या विकाराचे ते एक लक्षण म्हणून नोंदलेले आहे. घरातले कोणी बोटीवरून परतताना ‘उद्या काढून घेतो’ म्हणत असेल, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याच्याशी त्याच दिवशी बोलावे.

आणि बसायचेच असेल तर आधी टेबलाचे कापड वाचावे. ब्लॅकजॅकचा दर दीडपट आहे की सिक्स टू फाइव्ह, डीलर सॉफ्ट १७ वर थांबतो की पान घेतो (घेत असेल तर हाउस एज सुमारे ०.२ टक्क्याने वाढतो), शूमध्ये कॅट किती, सरेंडर आहे की नाही. ही चार उत्तरे पहिली चिप ठेवण्याआधी मिळतात, आणि डीलरला विचारली तर तो ती सांगतो.

(पुढील भागात : मुंबईच्या मटक्याची आकडेभाषा. ‘ओपन’, ‘क्लोज’ आणि न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे भाव.)