वाकडा बोल्ट आणि एक दवबिंदू

श्रावणात संपादकांचा फोन आला. "मॅक्रो फोटोग्राफीसाठी ट्रायपॉड कोणता घ्यावा, असं नवे लोक सारखे विचारतात. एकदा नीट लिहा." कॅमेऱ्याच्या दुकानात न जाता मी साताऱ्याची गाडी धरली. तिथले एक निवृत्त विज्ञान शिक्षक दर पावसाळ्यात सड्यांवरच्या, म्हणजे कातळपठारांवरच्या फुलांचे फोटो काढतात आणि तीस वर्षांत त्यांनी ट्रायपॉड बदललेला नाही, असं ऐकलं होतं.

पहाटे साडेपाचला आम्ही कासच्या बाजूच्या एका सड्यावर होतो. सरांनी खांद्यावरून उतरवलेली वस्तू धुक्यात मला मोडक्या छत्रीसारखी दिसली. हा 'बेन्बो'. ब्रिटिश बनावटीचा, सरांच्या भावाने तिकडून येताना आणलेला.

ट्रायपॉडला पाय तीनच का, हे आपल्याला चुलीवरून कळतं. तीन दगडांवर पातेलं कसंही ठेवा, डुगडुगत नाही. चौथा दगड आला की एखादा अधांतरी राहतो. नेहमीच्या ट्रायपॉडमध्ये हे तीन पाय वर एकत्र जोडलेले असतात आणि त्यांच्या मधून एक उभा दांडा वरखाली होतो. डोंगराच्या किंवा लग्नाच्या फोटोला तेवढं पुरतं. फूल जमिनीपासून चार बोटांवर असलं की मात्र तो मधला दांडाच आडवा येतो. कॅमेरा खाली उतरतच नाही.

बेन्बोत हा पेच एका बोल्टने सोडवला आहे. बोल्ट जाड आहे आणि मध्येच वाकवलेला. 'बेंट बोल्ट' हे आखडून 'बेन्बो' झालं. तिन्ही पाय आणि दांडा या एकाच बोल्टावर ओवलेले, आणि सगळ्यांना मिळून एकच मूठ. ती सैल केली की सगळं एकदम मोकळं होतं. नुकतंच जन्मलेलं वासरू उभं राहायला धडपडतं, तसे पाय वाटेल तिकडे फाकतात. मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा दांडा निसटून गवतात गेला.

सर गुडघ्यांवर बसले. डाव्या हाताने कॅमेरा हवा तिथे धरला, पाय आपापले टेकू दिले आणि उजव्या हाताने मूठ आवळली. एक पाय कातळाच्या फटीत, दुसरा कातळातल्या डबक्यात, तिसरा जवळजवळ आडवा. दांडा पुढे तिरका काढलेला आणि कॅमेरा जमिनीपासून वीतभरसुद्धा नाही. सगळं खडकासारखं घट्ट. "आधी कॅमेऱ्याची जागा ठरवायची, मग पायांची," सर म्हणाले. "बाकीचे ट्रायपॉड तुम्हाला हे उलटं करायला लावतात." डबक्यातल्या पायाची त्यांना फिकीर नव्हती. या ट्रायपॉडची जाड नळी खाली असते आणि तळाशी बंद असते, त्यामुळे पाणी आणि चिखल सांध्यापर्यंत चढत नाहीत. नेहमीच्या ट्रायपॉडमध्ये सर्वांत बारीक नळी खाली असते, आणि तिचा सांधा चिखलात पहिल्यांदा अडकतो.

कॅमेऱ्यासमोर दवबिंदू होता. सड्यावरची ही कीटकभक्षी वनस्पती, ड्रोसेरा. तिच्या पानावरच्या प्रत्येक तांबूस केसाच्या टोकाला डिंकासारखा चिकट थेंब असतो. तो दव नसल्याने ऊन आलं तरी वाळत नाही. एका थेंबात चिलटाचा पाय रुतला होता. हे दृश्य सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकारात उतरवायचं, तर फुल-फ्रेम कॅमेऱ्याच्या चौकटीत फक्त 36 बाय 24 मिलिमीटरचा तुकडा मावतो. लेन्सचं छिद्र एफ-11 इतकं लहान ठेवलं तरी जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची पट्टी स्पष्ट येते. शिवाय एवढ्या जवळून घेताना प्रकाश एक चतुर्थांशच उरतो, त्यामुळे पहाटे शटर पाव-पाव सेकंद उघडं ठेवावं लागतं. हाताची थरथर सावरणाऱ्या लेन्स आता आहेत. कॅननने 2009 साली आणलेली 100 मिलिमीटरची मॅक्रो लेन्स कॅमेऱ्याचं डावी-उजवीकडे सरकणंही सावरते. पण खऱ्या आकाराला कंपनीचा दावा दोनच स्टॉपचा, म्हणजे शटर चौपट वेळ उघडं ठेवण्यापुरता आहे. श्वास घेताना आपण जे पुढे-मागे होतो, त्यावर तर तिच्याकडे उपाय नाही.

बेन्बो सर्वांनी घ्यावा, असं मला वाटत नाही. मधला दांडा आडवा करता येणारे किंवा मुळात दांडाच नसलेले, पाय सपाट पसरणारे ट्रायपॉड आज सहज मिळतात आणि शिकायला सोपे आहेत. पाय तीन टप्प्यांचे असले तर उत्तम. पाच टप्प्यांचा पाय पिशवीत मावतो, पण त्याचा शेवटचा टप्पा काडीसारखा लवतो. बॉल हेड आवळताना कॅमेरा केसभर मान टाकतो आणि मॅक्रोत तेवढ्यानेच चौकट बदलते. म्हणून दात्यांच्या चक्रावर फिरणारं गिअर हेड आणि कॅमेरा पुढे-मागे सरकवणारी रेल यांवर केलेला खर्च मला योग्य वाटतो. दांडा आडवा काढला की तोल जातो. दांडा एका पायाच्या बरोबर वर ठेवायचा, नाहीतर लेन्ससकट सगळं कातळावर आपटतं.

यातलं काहीही वाऱ्यापुढे चालत नाही. ट्रायपॉड कॅमेरा धरतो, पान धरत नाही. सात वाजता वारा सुटला आणि चौकटीतला थेंब आत-बाहेर पळू लागला. सर छत्री आडवी धरून चाळीस मिनिटं बसले. तेवढ्या वेळात तीन फोटो निघाले, त्यांतला एक चांगला. फ्लॅश लावून हातातच कॅमेरा धरणारी तरुण मुलं याच वेळात शंभर काढतात. उडत्या किड्यासाठी तेच बरोबर आहे, हे सरही मान्य करतात. पण फ्लॅशने प्रत्येक थेंबात एकच पांढरा ठिपका येतो आणि धुक्यातला तो मऊ उजेड जातो.

परतताना दिसलेल्या एका गोष्टीने मी अस्वस्थ झालो. सड्यावरची माती काही बोटं जाडीची. खाली सगळा जांभा. 'सीतेची आसवं' या फुलांचा निळा-जांभळा गालिचा एका ठिकाणी माणसाच्या लांबीइतका दबला होता. कोणीतरी पालथं पडून फोटो घेतला होता. बाजूला ट्रायपॉडच्या पायांची तीन भोकं आणि चौकटीत आड येतात म्हणून उपटलेली गेंदाची फुलं. कास पठार 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. आजूबाजूच्या बऱ्याच सड्यांना कुंपणसुद्धा नाही. सर प्रत्येक पाय उघड्या कातळावरच टेकवतात. तशी जागा मिळाली नाही, तर फोटो सोडून देतात. त्या सकाळी त्यांनी दोन सोडले.

ट्रायपॉड घ्यायला जाल तेव्हा आपला कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स बरोबर न्या. दुकानाच्या फरशीवर एक रुपयाचं नाणं ठेवा आणि त्यावरच्या अंकावर फोकस करून बघा. पडद्यावर चित्र दहापट मोठं करा, पायाला टिचकी मारा आणि ते किती वेळात स्थिर होतं ते मोजा. आणि सड्यावर गेल्यावर, पाय टेकवण्याआधी, खाली काय उगवलंय तेवढं पाहा.