परिचारिकांच्या पाळीची लांबी : आठ तास की बारा तास?

रुग्णालय अहोरात्र चालते. एका रुग्णकक्षात एक परिचारिका सतत उपस्थित राहावयाची, तर आठवड्याचे १६८ तास कोणीतरी भरून काढलेच पाहिजेत. हे तास आठ-आठ तासांच्या तीन पाळ्यांत विभागावेत की बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत, हा प्रश्न वरकरणी केवळ वेळापत्रकाचा वाटतो. तो खरोखर तेवढाच आहे काय, हे शिरूर तालुक्यातील पाबळसारख्या गावी चालणारे एखादे लहान रुग्णालय कल्पून पाहावयाचे आहे.

दीर्घ पाळीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. राजगुरुनगर किंवा शिक्रापूर येथे बिऱ्हाड असलेल्या परिचारिकेस आठवड्याच्या ४८ तासांसाठी आठ तासांच्या पाळीत सहा वेळा यावे लागेल. बारा तासांच्या पाळीत चार वेळा. घरासाठी तीन दिवस मोकळे राहतील. शिवाय रुग्णांची माहिती एकीने दुसरीस सांगण्याचा प्रसंग, म्हणजे परिचारिकांच्या बोलीतील ‘ओव्हर’, दिवसातून तीनऐवजी दोनदाच येईल, आणि प्रत्येक ‘ओव्हर’मध्ये काहीतरी सांगावयाचे राहून जाण्याचा संभव असतोच. अमेरिकेतील चार राज्यांतील २२,२७५ परिचारिकांच्या पाहणीत (२०१२) ऐंशी टक्क्यांहून अधिक जणींनी आपल्या वेळापत्रकाविषयी समाधान व्यक्त केले होते.

परंतु त्याच पाहणीत असेही आढळले की, दहा तास व त्याहून दीर्घ पाळी करणाऱ्यांत कामाचा शीण व असमाधान यांचे प्रमाण अडीच पटींपर्यंत अधिक होते. ३९३ परिचारिकांनी ठेवलेल्या दैनंदिन नोंदींवरून (२००४) साडेबारा तास वा अधिक काळ काम झाले असता चुकीचा संभव तिप्पट होतो, असे दिसून आले. युरोपातील बारा देशांच्या ४८८ रुग्णालयांच्या अभ्यासातही (२०१४) दीर्घ पाळीबरोबर शुश्रूषेतील कामे अपुरी राहण्याचे प्रमाण वाढलेले आढळले. या नोंदी परिचारिकांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेल्या आहेत. त्यावरून कार्यकारणभाव पूर्णतः सिद्ध झाला, असे म्हणता येणार नाही. तथापि तिन्हींचा कल एकाच दिशेस आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आपल्याकडील पुष्कळ रुग्णालयांत एक तिसरीच पद्धत रूढ आहे : दिवसा सहा-सहा तासांच्या दोन पाळ्या आणि रात्री बारा तासांची एक. म्हणजे सर्वांत दीर्घ पाळी नेमकी अशा वेळी येते, की जेव्हा शरीर झोप मागते आणि मदतीस माणसे सर्वांत कमी असतात. सलग सतरा तासांच्या जागरणानंतर माणसाची कार्यक्षमता रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असल्याप्रमाणे घटते, असे १९९७ मधील एका प्रयोगाने दाखविले. आपल्या देशात वाहनचालकास मुभा आहे ती ०.०३ टक्क्यांपर्यंतच. सकाळी सहाला उठून, घरचे सारे आवरून, दुपारी डोळा न लागताच रात्री आठला कामावर आलेली परिचारिका अकरा वाजताच ही सतरा तासांची मर्यादा गाठते; तिची पाळी मात्र अजून नऊ तास उरलेली असते.

आता मूळ हिशेबाकडे वळू. १६८ तासांना ४८ ने भागले असता साडेतीन हे उत्तर येते. पाळी आठ तासांची असो वा बारा तासांची, या उत्तरात काडीचाही फरक पडत नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने (२००५) चोवीस तास चालणाऱ्या प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तीन परिचारिकांचे प्रमाण धरले. तिघींचे ४८ प्रमाणे १४४ तास होतात. उरतात २४, म्हणजे दर आठवड्यास एक संपूर्ण अहोरात्र. ते भरून काढावयाचे, तर तिघींनी साप्ताहिक सुटीवाचून रोज आठ तास काम केले पाहिजे. त्यांपैकी एक बाळंतपणाच्या रजेवर गेली व तिच्या जागी कोणी आले नाही, की उरलेल्या दोघींच्या वाट्यास आठवड्याचे ८४ तास, म्हणजे खाडा न करता रोज बारा तास येतात. येथे दीर्घ पाळी कोणी विचारपूर्वक निवडलेली नसते. रिकाम्या राहिलेल्या जागेलाच ‘बारा तासांची पाळी’ हे नाव मिळालेले असते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७७ च्या शिफारशीत परिचारिकांसाठी साधारणतः आठ तासांचा दिवस, जादा काम धरूनही बारा तासांची कमाल मर्यादा आणि दोन पाळ्यांमध्ये निदान बारा तासांची विश्रांती सुचविलेली आहे. तीन माणसांच्या बळावर ही मर्यादा कागदावरच राहणार, हे उघड आहे.

म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने केवळ पाळीची लांबी नोंदवून थांबू नये. प्रत्यक्षात किती तास काम झाले, किती जागा रिक्त होत्या आणि साप्ताहिक सुटी खरोखर मिळाली काय, या तिन्हींची नोंद एकत्र घ्यावी. चार तास वाढवून चौथ्या परिचारिकेची उणीव भरून निघत नाही. ती केवळ दृष्टीआड होते, आणि तिची किंमत पहाटेच्या प्रहरी रुग्णास व परिचारिकेस मिळून मोजावी लागते.