तांब्यावर अक्षरं, वेशीवर सिंह

चांदा (आजचं चंद्रपूर) आणि गडचिरोलीच्या मुलखात तांब्याच्या नाण्यावर चित्र शोधायचं तर आधी सातवाहनांपर्यंत मागे जावं लागतं. चांदा जिल्ह्यात सापडलेल्या त्यांच्या पोटिन (तांब्याच्या मिश्रधातूच्या) नाण्यांवर सोंड उंचावलेला हत्ती आहे, मागच्या बाजूला उज्जैन चिन्ह. पुढे १३४७ मध्ये दख्खनेत बहमनी राज्य उभं राहिलं, आणि त्यांच्या तांब्यावर उरली ती फक्त अक्षरं: सुलतानाचं नाव, बिरुदं, क्वचित हिजरी साल.

इस्लामला चित्र वर्ज्य, असं म्हणून इथे मोकळं होता येत नाही. आजच्या तुर्कस्तानातल्या मार्दीनच्या आर्तुकी या मुस्लिम राजांनी १२व्या-१३व्या शतकांत तांब्यावर बायझंटाइन धाटणीचे चेहरे उमटवले, धनू राशीचा अश्वमानवही कोरला. वऱ्हाडातलंच उदाहरण हवं तर गाविलगड पाहा. विजयनगरच्या ब्राह्मण घरात जन्मलेला फतेहउल्ला इमादउल्मुल्क वऱ्हाडचा बहमनी सुभेदार होता; त्याच्या या किल्ल्यात दरवाजावर सिंह आहेत, गंडभेरुंड हा दुतोंडी पक्षीही आहे. म्हणजे दगडावर चित्र चालत होतं. चांद्याच्या गोंड राजांनीही हत्तीवर मात करणारा सिंह कोरला तो शहराच्या वेशींवर. मग नाण्यावर चित्र का नाही? माझ्या मते कारण व्यवहाराचं असावं. सराफ वजन पाहतो, ओळखीची अक्षरं पाहतो. तिथे नवं चित्र म्हणजे नवी शंका.

१५९६ मध्ये वऱ्हाड मुघलांकडे गेलं आणि तांब्याला दरबारी मान आला. अकबराचा दाम सुमारे २१ ग्रॅमचा, हिशेबात ४० दामांचा रुपया. ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचा महसूल दामांतच मांडलाय, आणि चांद्याचा गोंड जमीनदार बाबजी याच्याकडे १,००० स्वार व ४०,००० पायदळ असल्याची नोंद आहे. वैरागडच्या हिऱ्यांचाही उल्लेख येतो. महालांच्या (महसुली विभागांच्या) वसुलीची बेरीज तांब्यात केली म्हणून जंगलातल्या बाजारात तांबं खुळखुळत होतं, असं मात्र समजू नये. शेजारच्या बस्तरात तर कवड्या १९व्या शतकातही चालत.

नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी १७५१ मध्ये चांदा घेतलं. वेशींवरच्या सिंहांना कुणी हात लावला नाही, पण ते नाण्यावरही उतरले नाहीत. नागपूरकरांच्या रुपयावर फारसीत नाव राहिलं दिल्लीच्या मुघल बादशहा अहमदशहाचं, आणि १७५४ मध्ये त्याला तख्तावरून खाली खेचल्यावरही ते तसंच छापलं जात राहिलं.